पिवळा दिवा : एका ऑक्सिजन सेन्सरच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

अक्कलकोटहून दर्शन करून येताना वळसंग मागे पडलं आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी धक्के देत नव्हती, तापलीही नव्हती. मागून आईनं विचारलं, "पेट्रोल संपत आलंय का रे?" म्हटलं, नाही, दुसरंच काहीतरी आहे. पण तिचा प्रश्न अगदीच वाया नव्हता. दिवाळीपासून गाडी पेट्रोल जास्त पितेय. टाकी फुल करून मोजलं तर आधी लिटरला सतरा पडायचे, आता साडेतेराच्या वर जात नाही. मी ते आजवर गावातल्या खड्ड्यांवर आणि एसीवर ढकलत आलो.

गाडी २०१४ ची, पेट्रोल, १.२ लिटर, चार सिलिंडर, ८१ हजार किलोमीटर झालेली. मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागांची वायरिंग आणि पॅनल बघतो. इंजिनातलं मिस्त्रीइतकं कळत नाही, पण मीटर कुठं लावायचा ते कळतं. म्हणून या वेळी गाडी गॅरेजला न टाकता आधी वही उघडली.

स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ब्लूटूथचा डोंगल लावला. कोड एकच: पी ०१३३. म्हणजे पहिल्या बँकेचा (सिलिंडरांच्या रांगेचा) पहिला ऑक्सिजन सेन्सर, प्रतिसाद मंद. कोड पुसला नाही. पुसला की दिवा लागला त्या क्षणाचं टिपून ठेवलेलं चित्रही जातं. त्यात होतं: वेग ६४, फेरे २१००, पाणी ९१ अंश. इंजिन पूर्ण तापलेलं, गाडी एका लयीत चाललेली. थंडीतली कुरकुर नव्हे.

३ मार्च

आज स्वतःची फजिती झाली, ती आधी लिहून टाकतो.

हा सेन्सर मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्यांच्या जोडात, बसतो आणि जळून बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला ते बघतो. आत झिरकोनियाचं टोपण, त्याच्या दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरून एक्झॉस्ट, आतून साधी हवा. साधारण ३०० अंशांच्या वर तापला की दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर तो स्वतःच व्होल्टेज तयार करतो, लहानशा सेलसारखा. ऑक्सिजन उरला, म्हणजे मिश्रण लीन, तर ०.१ व्होल्टच्या आसपास. पेट्रोल जास्त, म्हणजे रिच, तर ०.८-०.९. मधे ०.४५ ला उंबरठा. इसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हे बघून पेट्रोल जरा वाढवतो, जरा कमी करतो, त्यामुळे धडधाकट सेन्सरची रेघ सतत खालीवर नाचत असते.

मोबाइलवर आलेख लावला तर रेघ नाचत नव्हती, रांगत होती. लगेच हिला सांगितलं, "सेन्सर गेला, साडेतीन हजारांचा खड्डा." रात्री जेवताना डोक्यात आलं की ॲपमध्ये मी एकाच वेळी आठ गोष्टी निवडल्या होत्या: फेरे, वेग, पाणी, हवा, बॅटरी आणि काय काय. स्वस्तातला डोंगल त्या एकेक करून विचारतो. आठ विचारल्या तर सेन्सरची पाळी दीड-दोन सेकंदांनी येते. मग रेघ रांगणारच! ताटावरून उठून खाली गेलो, बाकी सगळं काढलं, एकट्या सेन्सरचं व्होल्टेज ठेवलं. आता सेकंदाला चार-पाच आकडे येऊ लागले. रेघ मघापेक्षा बरी, पण तरी आळशीच. आणि वर चढायला तयार नाही: ०.०८ ते ०.५०, त्यातही बराच वेळ तळाशी.

फ्युएल ट्रिम, म्हणजे इसीयू पेट्रोलच्या मापात करतो ती दुरुस्ती: लाँग टर्म (कायमची धरलेली) +२१ टक्के. इसीयूला सतत वाटतंय की मिश्रण लीन आहे, म्हणून तो ठरल्यापेक्षा पाचवा हिस्सा पेट्रोल जास्त ओततोय. मायलेज कुठं गेलं ते कळलं. मिश्रण खरंच लीन आहे की सेन्सर थापा मारतोय, ते मात्र याच सेन्सरला विचारून कळणार नाही.

५ मार्च

पीयूसीची मुदत तशीही याच महिन्यात संपत होती. मुद्दाम आजच गेलो. हे मशीन सायलेन्सरच्या शेपटीत नळी घालून स्वतंत्रपणे मोजतं, त्याचा आपल्या सेन्सरशी काही संबंध नाही.

कार्बन मोनॉक्साइड ०.८४ टक्के, हायड्रोकार्बन ३१० पीपीएम. गाडी नापास.

पीयूसीवाल्या पोरानं विचारलं होतं, गाडी बीएस-३ का बीएस-४? २०१४ ची म्हणजे ३ असेल असं तोच म्हणाला. नव्हे. देशभर बीएस-४ आलं २०१७ साली, पण एप्रिल २०१० मध्ये ज्या १३ शहरांत ते आधी लागू झालं त्यात दिल्ली, मुंबई, पुण्याच्या पंगतीत आपलं सोलापूरही होतं. त्यामुळं माझ्या गाडीला सीओची मर्यादा ०.३ आणि हायड्रोकार्बनची २००. बीएस-३ ची सीओची ०.५ ची मर्यादा लावली असती तरी नापासच. दाखला नकोय मला, आकडा हवा होता.

आणि आकडा कामाचा निघाला. सीओ इतका वाढतो तो मिश्रण रिच असताना. सेन्सर म्हणतोय लीन. दोघांपैकी एक खोटा, आणि मशीनला माझ्याशी खोटं बोलायचं कारण नाही. संध्याकाळी एक प्लग काढून बघितला. तोंडाला काळी कोरडी काजळी.

८ मार्च

सेन्सरवर शिक्का मारण्याआधी अजून एक शक्यता. सेन्सरच्या अलीकडे मॅनिफोल्डच्या जोडाला गळती असेल, तर एक्झॉस्टच्या धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला तो ऑक्सिजन दिसतो, तो बिचारा प्रामाणिकपणे "लीन" सांगतो आणि इसीयू पेट्रोल ओततो. लक्षणं सगळी हीच. चांगला सेन्सर फेकून नवा घातला तरी पाढे पंचावन्न.

सकाळी सहाला, इंजिन गार असताना, हातमोजा घालून ओल्या फडक्यानं सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबलं. मुलाला बोनेटजवळ कान लावून उभं केलं होतं. "पप्पा, फुस्स फुस्स येतंय." साबणाचं पाणी टाकल्यावर मॅनिफोल्डच्या जोडावर एका बोल्टपाशी बारीक बुडबुडे. पॅकिंगच्या कडेला काळा पट्टाही होता.

खरं सांगायचं तर आनंद झाला. सेन्सरचे पैसे वाचले म्हणून.

९ मार्च, रविवार

विजापूर रोडच्या चाचांच्या गॅरेजमध्ये पॅकिंग बदललं. काम दीड तासाचं, पण एक नट गंजून असा बसलेला की चाचांनी त्याला गॅस दाखवून लाल केला तेव्हा कुठं हलला. चाचांचं पहिल्यापासून एकच म्हणणं, "सेन्सर बदलून टाक की. कशाला एवढं शोधत बसतोस बाबा?" तीस वर्षं गाड्या उघडणाऱ्या माणसाला काय सांगणार.

परत मोजलं. बुडबुडे गेले. लाँग टर्म +२१ वरून +१७ वर आला आणि तिथंच बसला. म्हणजे गळतीचा वाटा चारएक टक्के. बाकीचे सतरा अजून कुणाच्या तरी नावावर आहेत.

इनटेकला, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेला, थ्रॉटलच्या झडपेनंतर कुठं हवा ओढली जात असेल का? तसं असतं तर आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता) ट्रिम जास्त आणि फेरे वाढवले की कमी व्हायला हवा, कारण भोक तेवढंच राहतं आणि मुख्य वाटेनं जाणारी हवा वाढते. इथं ८०० फेऱ्यांना +१७, २५०० ला +१६. शिवाय तसली गळती असती तर मिश्रण खरंच लीन झालं असतं, प्लग काळा नसता. नाव खोडलं.

१४ मार्च

धुळवड. काम नाही. कुणीतरी बोनेटवर गुलाबी पंजा उमटवलाय.

१६ मार्च, रविवार

आजचा दिवस मीटरचा. सकाळचं ऊन चढायच्या आत बसलो, तरी अकरापर्यंत शर्ट पाठीला चिकटला.

सेन्सरला चार वायरी: दोन काळ्या, एक निळी, एक पांढरी. काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी सिग्नलच्या अर्थिंगची. हीटर अशासाठी की सेन्सर एक्झॉस्टच्या भरवशावर न राहता लवकर तापावा. गार इंजिनावर क्लिप सोडून सेन्सरच्या बाजूनं दोन काळ्यांमध्ये मोजलं: ६.२ ओहम. शाबूत. हीटर तुटलेला असता तर मीटरनं अनंत दाखवलं असतं, आणि कोडही बहुधा पी ०१३५ आला असता. वायरिंगच्या बाजूला चावी लावल्यावर एका काळीवर १२.४ व्होल्ट. ठीक. पांढरी वायर ते बॅटरीची निगेटिव्ह, इंजिन चालू असताना: ३० मिलिव्होल्ट. अर्थिंगही ठीक. उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं नाही, हेही टॉर्च घालून बघून घेतलं. आमच्या गल्लीत हा संशय आधी घ्यावा लागतो.

मग क्लिप परत लावली, निळ्या वायरीच्या मागून रबरी बुचाच्या कडेनं टाचणी सरकवली आणि कामावरचा हातातला छोटा ऑसिलोस्कोप, व्होल्टेजची रेघ पडद्यावर काढणारा, जोडला. इथं टेस्ट लॅम्प लावायचा नाही. सेन्सरची ताकद अगदी नगण्य. बल्ब पेटणार तर नाहीच, सेन्सर मात्र जाईल. डिजिटल मीटर चालतो, पण तो सावकाश. चढ-उताराचा वेग बघायला स्कोपच हवा.

इंजिन पूर्ण तापवलं, फेरे २५०० ला धरून ठेवायला मुलगा पायाशी. दहा सेकंदांत रेघेनं ०.४५ चा उंबरठा फक्त तीनदा ओलांडला.

आता मुद्दाम डिवचायचं. मोकळ्या अंगणात, शेजारी अग्निशामक ठेवून, इनटेकच्या एका बारीक व्हॅक्यूम नळीत कार्ब क्लीनरचा छोटासा फवारा मारला. क्षणात मिश्रण रिच. इंजिनाचा आवाज लगेच जड झाला. चांगला सेन्सर इथं ०.९ ला उडी मारतो, ०.३ ते ०.६ हे अंतर साधारण शंभर मिलिसेकंदांच्या आत कापतो. माझा? आवाज बदलला, मी मनात एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि मग रेघ ०.५८ पर्यंत कशीबशी चढून थांबली. लंगडत जिना चढणाऱ्या माणसासारखी. उलटी परीक्षा: तीच नळी काढून उघडी सोडली, हवा आत. रेघ झटकन ०.०५ वर.

लीनकडे चपळ, रिचकडे मंद आणि बुटका. म्हणून त्याचा सगळा कारभार लीनच्या बाजूला झुकलेला, आणि उंबरठा ओलांडायला इसीयूला दर वेळी जादा पेट्रोल ओतावं लागतं. पीयूसीचा आकडा, काळा प्लग, +१७ आणि आजचा स्कोप, चौघांची साक्ष जुळली. सेन्सरच.

चाचांना फोन केला. ते हसले. "मी काय म्हणत होतो पंधरा दिवसांपास्नं?"

१८ मार्च

दुकानात. गाडीच्याच क्लिपचा सेन्सर आहे तीन हजार चारशेला, आणि बिनक्लिपचा, जुन्याची क्लिप कापून जोडायचा, तेराशेला. तेराशेवाला हातात घेतला. वायरी: दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "रंगाला रंग जोडा, साहेब."

रंगाला रंग जोडला असता तर त्याच्या काळीवर, म्हणजे सिग्नलवर, माझ्या हीटरचे १२ व्होल्ट गेले असते! या जातीत हीटर पांढऱ्या जोडीचा असतो. खिशातल्या मीटरनं तिथंच दाखवलं: पांढऱ्या दोघींमध्ये काही ओहम, म्हणजे हीटर ती. पोरानं ते खोक्यावर पेननं लिहून ठेवलं. बरं वाटलं.

तरी घेतला नाही. आतल्या बाजूला लागणारी साधी हवा बऱ्याच सेन्सरना वायरीच्या तारांमधल्या फटींतूनच मिळते. म्हणून जोड द्यायचा तर क्रिम्पचा, दाबून बसवायचा. डाग दिला, म्हणजे सोल्डर केलं, तर त्याचा श्वास कोंडतो. क्लिपमध्ये ग्रीस किंवा स्प्रे मारला तरी तेच. माझा हात सवयीनं सोल्डरिंग आयर्नकडेच गेला असता. त्यापेक्षा दोन हजार जास्त गेले तरी चालतील. क्लिपवाला घेतला.

२३ मार्च, रविवार

जुना काढला. मॅनिफोल्ड मागच्या बाजूला, हात जेमतेम जातो. आटे अठरा मिलिमीटरचे, डोकं २२ चं. वायर असल्यामुळं साधी गोटी (सॉकेट) वरून बसत नाही. चाचांकडं २२ चा एक जुना रिंग पाना आहे, त्याला त्यांनी ग्राइंडरनं एका बाजूला चीर पाडलीय. त्या चिरेतून वायर आत घ्यायची आणि मग पाना डोक्यावर बसवायचा. असला पाना दुकानात हजाराला मिळतो. चाचांचा फुकट, फक्त तासभर त्यांचं बोलणं ऐकायचं. रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला होता, इंजिन कोमट करून घेतलं, पान्याला पाइप जोडला. "कट्ट" झालं. क्षणभर वाटलं मोडला. सुटला होता.

टोक बघितलं आणि दोघंही गप्प. काजळी असेल असं धरून चाललो होतो. टोकावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या चिरांमध्ये काजळी नव्हती. पांढरं, रवाळ, बोटाला लागेल असं.

"मीठ लावलंय काय रे ह्याला?" चाचा म्हणाले.

मीठ नाही, सिलिका. सिलिकॉनची वाफ इंजिनात जळली की मागे हीच पांढरी पूड उरते, आणि ती प्लॅटिनमवर बसली की सेन्सर मंद होतो. घासून, पेट्रोलमध्ये बुडवून ती निघत नाही. पण सिलिकॉन इंजिनात आलं कुठून?

हे मी चाचांना विचारलं, आणि विचारता विचारताच माझं मला आठवलं.

दसऱ्यानंतर टॅपेट कव्हरमधून, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणातून, तेल झिरपायचं, मॅनिफोल्डवर थेंब पडून जळका वास यायचा. पॅकिंग आणायला कोण जातंय म्हणून मी कव्हर उघडून सिलिकॉनची नळी फिरवली होती. बाथरूमच्या खिडकीला लावून उरलेली. तेव्हा ही म्हणाली होती, "अहो, खिडकीचं उरलेलं गाडीला लावताय?" मी म्हटलं होतं, सिलिकॉन ते सिलिकॉन.

चाचांनी हात पुढं केला. "ती नळी दाव मला." हत्यारांच्या पेटीतच होती, टोकाला वाळून गोळा झालेला. वर काचेचं चित्र, टाइल्सचं चित्र. झाकण काढलं तर आंबट, व्हिनेगरसारखा वास. असलं सिलिकॉन सुकताना वाफ सोडतं. टॅपेट कव्हरखालची हवा पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनातली वाफ परत ओढणाऱ्या, नळीतून इनटेकमध्ये जाते, तिथून सिलिंडरमध्ये, तिथून थेट सेन्सरवर. इंजिनासाठीची सिलिकॉन वेगळी मिळतात, त्यांच्या नळीवर "सेन्सर सेफ" छापलेलं असतं. दसऱ्यानंतर नळी फिरवली, दिवाळीपासून मायलेज पडलं. पाच महिने मी खड्ड्यांना शिव्या देत होतो.

नवा सेन्सर आज बसवला नाही. आधी वरचं सगळं स्वच्छ, मग तो. जुनाच परत घालून घरी आलो. हिला सांगितलं. ती फक्त "हं" म्हणाली.

२६ मार्च

कामावरून आल्यावर टॅपेट कव्हर उघडलं. आतल्या कडेनं सिलिकॉनच्या शेवया लोंबत होत्या. दोन सुटून आत पडायच्या बेतात. त्या तेलाच्या गाळणीत जाऊन बसल्या असत्या तर सेन्सरचं दुखणं परवडलं असतं. प्लॅस्टिकच्या खरवडणीनं सगळं काढलं, नवीन रबरी पॅकिंग, दोन कोपऱ्यांत तांदळाएवढं योग्य सिलिकॉन. पॅकिंगची किंमत लिहीत नाही. लाज वाटते.

उद्या पाण्याचा दिवस नाही, म्हणून हात रॉकेल आणि भुशानं धुतले.

२९ मार्च

नवा सेन्सर बसवला. आट्यांवर अँटीसीझ (जाम होऊ न देणारा लेप) आधीच लावलेलं येतं. टोकाला बोट लावू दिलं नाही कुणाला. हातानं पूर्ण आत, मग टॉर्क पान्यानं ४५ न्यूटन-मीटर. वायर मॅनिफोल्डपासून लांब, मूळच्या क्लिपमध्ये. कोड पुसला. साठवलेला ट्रिमही शून्यावर आणला, नाहीतर इसीयू काही दिवस जुन्याच हिशेबानं ओतत बसतो.

स्कोप: ०.१ ते ०.८५, दहा सेकंदांत चौदा वेळा उंबरठा पार. कार्ब क्लीनरचा फवारा मारताच ०.९. मागचा, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरनंतरचा सेन्सर ०.६८ ला जवळजवळ स्थिर. म्हणजे कन्व्हर्टर अजून काम करतोय. त्याच्यावरही पूड बसली असेलच थोडी, पण तो तगलाय. ही खरी धास्ती होती. त्याच्या किमतीपुढं सेन्सर म्हणजे चिल्लर.

३० मार्च, गुढीपाडवा

गुढी उभारून आईला घेऊन तुळजापूरला. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. दिवा लागला नाही. घाटात गाडी मोकळी वाटली, पण हे वाटणं मी मोजमापात धरत नाही.

६ एप्रिल, रविवार

टाकी ते टाकी: १६.४. सतरा नाही.

पीयूसी: सीओ ०.०९, हायड्रोकार्बन ६२. पास. तोच पोरगा होता, या वेळी त्यानं बीएस-३ विचारलं नाही.

लाँग टर्म मात्र शून्यावर आला नाही, +५ वर थांबला. दोन दिवस याच्या मागे होतो. पुन्हा साबणपाणी, पुन्हा फडकं, काही नाही. मग पंपावर उभा असताना लक्षात आलं की उत्तर टाकीतच आहे. आता पेट्रोल मिळतं ते इ-२०. शुद्ध पेट्रोलचा एक किलो जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलच्या एका किलोला ९ च. वीस टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५ येते. आधी मिळायच्या दहा टक्क्यांच्या मिश्रणाला १४.१. सेन्सरला इंधनाचं नाव ठाऊक नसतं, तो उरलेला ऑक्सिजन बघतो. हवा तेवढीच असेल तर इसीयूला पेट्रोल थोडं वाढवावं लागणारच. १४.१ भागिले १३.५, चार-साडेचार टक्के. माझे पाच त्यात बसतात. सतराचे साडेसोळा का झाले तेही बरंचसं त्यातच आलं. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकून हॉर्न वाजवतो, त्याच उसाचा थोडा भाग टाकीत आलेला असेल.

+५ हा आता माझा नेहमीचा आकडा, तारीख घालून वहीच्या पहिल्या पानावर लिहिला. जुना सेन्सर चाचांनी मागून घेतला, पोरांना दाखवायला. गॅरेजच्या खिळ्यावर टांगलाय, वायरीला चिठ्ठी बांधून. चिठ्ठीवर चाचांच्या अक्षरात: "खिडकीचा माल."